बसप्पा मिस्त्रींचा संशय

उमरग्यात हायवेलगत बसप्पा मिस्त्रींचं गॅरेज होतं. नवा पार्ट कितीही चकचकीत खोक्यातून येवो, मिस्त्री तो उन्हात धरून चारी बाजूंनी न्याहाळत आणि मग आणणाऱ्याकडंही तसंच बघत. "कुठनं आनला? कोन म्हनलं चांगला हाय म्हनून?" गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्यावर माझ्याइतका संशय दुसऱ्या कुणी घेतला नसेल.

मी मुरुमच्या शाळेत मास्तर. सोलापूरला जुन्या गाड्यांची शर्यत होणार होती आणि आपलीही गाडी पळवायची, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे ठेवणारा तसा एक मी पुण्याहून मागवला.

"गाडीत कोन बसतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी एकटाच."

त्यांनी मागचं दार उघडलं. "मग ही उशी कुनाची?"

उशी वडिलांची, हे मला कबूल करावं लागलं. त्यांना दर आठवड्याला उमरग्याच्या दवाखान्यात आणावं लागे.

"सर, ह्यो क्याम लई पळताना जोर देतोय. गतिरोधकावर हळू केली की गाडी बंद पडंल. म्हाताऱ्याला रस्त्यात बसवायचं हाय का?" असं म्हणून त्यांनी कपाटातून दुसरा, सौम्य कॅम काढला. न खपलेला माल माझ्या गळ्यात मारतायत, अशी माझी खात्रीच पटली. मी माझाच बसवायचा हट्ट धरला.

कॅम बसवताना त्यांनी त्याच्या चाकावरची खूण इंजिनावरच्या खुणेला जुळवली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. "खूण मान्सानंच ठोकली न्हवं?" घरून कणकेचा गोळा मागवून त्यांनी पिस्टनवर थापला, वर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं इंजिनाचं झाकण, बसवून इंजिन हातानं फिरवलं आणि पुन्हा खोललं. व्हॉल्व्हच्या ठशाखाली कणीक पापुद्र्याएवढीच उरली होती; म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला जवळजवळ टेकतच होता.

"खूण चुकलीया. मोजून बसवाय लागंल. चार दिस द्या."

शर्यत तीन दिवसांवर होती. मिस्त्री मुद्दाम अडवतायत, असं वाटून मी तडकलो आणि गाडी ओढत लोहाऱ्याच्या दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथं खुणेला खूण लावून अर्ध्या दिवसात काम झालं. गावाबाहेर येऊन मी गाडी जोरात दाबली, तर खाडखाड आवाज होऊन इंजिन बंद पडलं. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकले होते. शर्यत तर गेलीच, वडिलांना दवाखान्यात एसटीच्या धक्क्यांतून न्यावं लागलं.

शेवटी खाली मान घालून मी मिस्त्रींकडं गेलो. चार गोष्टी ऐकायची तयारी होती, पण त्यांनी सरळ इंजिन खोलायला घेतलं. नवे व्हॉल्व्ह घातले, दोन दिवस मोजमाप करून तो सौम्य कॅम बसवला आणि इंजिन हातानं फिरवायचा लांब पाना माझ्या हातात दिला.

"फिरवा. सावकाश."

"मी कशाला? तुम्ही बसवलाय ना?"

"म्हनूनच. म्या बी मानूसच हाय."

मी फिरवू लागलो. मिस्त्री तेलकट फडकं मुठीत आवळून, निकालाला आलेल्या पोरासारखे उभे होते. हा माणूस सगळ्यात जास्त संशय स्वतःवर घेतो, हे मला तेव्हा कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"कुठं अडकंना न्हवं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही मिस्त्री. कुठंच नाही."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं.

"मग अजून येकदा फिरवा."