चार दारं आणि आईच्या चपला

त्या दिवशीच्या धक्क्यात आमच्या घरातला एक कपसुद्धा फुटला नाही. जो काही गोंधळ झाला, तो मी केलेल्या तयारीमुळे झाला.

घर जपानात सेंदाईबाहेर, जुनं, शेतकऱ्याचं. २०११चा मोठा भूकंप झाल्यापासून माझ्या बायकोला, माधवीला, उंच इमारतीत झोपच येईना, म्हणून भाड्याने घेतलेलं. मुळात काळ्याकुट्ट तुळयांची एक प्रचंड खोली. मग घरमालकीण कान्नो-सान यांच्या आजेसासऱ्यांनी मागे रेशमाचे किडे पाळायला खोली काढली, सासऱ्यांनी बाजूला साहेबी थाटाचा दिवाणखाना चिकटवला आणि नवऱ्याने पार टोकाला संडास-बाथरूम. प्रत्येकाने दार आपलं वेगळं केलं! (आधीच्या पिढीला विचारायची पद्धत तिथेही नसावी.)

आई पुण्याहून आली त्याच दिवशी मी तिला आणि माधवीला समोर बसवून भूकंपाची तालीम घेतली. मी विद्यापीठात याच विषयावर संशोधन करत होतो ना!

"हादरे थांबले की जवळच्या दाराने बाहेर!"

"आणि भेटायचं कुठे?" माधवी.

"अगं, बाहेर म्हणजे बाहेर! त्यात काय ठरवायचं?"

आणि एका रविवारी सकाळी घर हललं. आई मागच्या खोलीत जप करत होती, माधवी दिवाणखान्यात इस्त्री, आणि मी... टोकाला. हादरे थांबले तसा मी लेंगा सावरत संडासातल्याच सपाता (तिथे संडासापुरत्या वेगळ्या असतात) घालून बाथरूमच्या दाराने बाहेर पडलो. अंगणात चिटपाखरू नाही! धावत दर्शनी दाराशी आलो. जपानात चपला-बूट तिथेच काढून ठेवायचे, त्यामुळे कोण घरात आहे ते दारातच कळतं. आईच्या चपला जागेवर. माधवीचे सँडल जागेवर.

आई आत अडकली! तिचे गुडघे आधीच कामातून गेलेले. मी सपाता काढल्या, जपानी रीतीप्रमाणे बोटं बाहेरच्या बाजूला करून नीट लावल्या (हो, तशाही वेळी!) आणि आत घुसलो.

आता आई काय करत होती ऐका. ती अनवाणीच मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढे आली आणि तिला दिसले माझे बूट. "अगं बाई! शिऱ्या आतच!" म्हणून तीही आत! माधवी दिवाणखान्याच्या दाराने बाहेर आलेली, अनवाणीच. तिला तर दोघांचीही पादत्राणं दिसली. तीही आत!

"आई!" मी मागच्या खोलीतून ओरडलो.

"शिऱ्या!" दिवाणखान्यातून आवाज आला. तिथे पोचतो तो आई बाथरूमकडून बाहेर पडलेली. मी बाहेर आलो तर ती परत दर्शनी दाराने आत. तिच्यामागून "आई, थांबा हो!" करत माधवी. आणि दर वेळी दाराशी तोच पुरावा, जागच्या जागी! माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तुळई पडून आई मेली, असं मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

समोरच राहणाऱ्या कान्नो-सान अंगणात उभ्या राहून हे बघत होत्या. शेवटी त्या दर्शनी दारात ठाण मांडून उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत निघालेल्या आईचा दंड त्यांनी घट्ट धरला.

"सोडा हो, माझा मुलगा आत आहे!" आई मराठीत.

"दाइजोबू, दाइजोबू," काही झालेलं नाही, हे त्यांचं जपानीत.

तेवढ्यात मागून मी आणि माझ्यामागून माधवी. मी आईला मिठीच मारली.

"मेल्या, होतास कुठे?"

"तुलाच शोधत होतो!"

"आणि मी काय करवंदं वेचत होते?" असं म्हणून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग आम्ही तिघंही हसत सुटलो. आई धडधाकट होती. मला दुसरं काही नको होतं.

कान्नो-सान मात्र वाकून दाराशी बघत होत्या. तिथे ओळीत सगळ्यांत पुढे संडासातल्या सपाता, बोटं बाहेर करून. "फारच शिस्तीचं घर आहे तुमचं," त्या अदबीने म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझं भाषण होतं: 'भूकंपात माणसं घराबाहेर कशी पडतात'. शेवटी एकाने विचारलं, "बाहेर पडलेला माणूस परत आत जातो का हो?"

म्हटलं, "या विषयाचा अभ्यास असेल तर जातो. आणि चपला काढून जातो!"