नानांच्या गाडीचे पाटे

कळसाडीच्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आता शहाद्याला, सुरतेला गेली. पण कुणाच्या लग्नात चार जणी भेटलो, की भिकानानांच्या गाडीची आठवण निघतेच. एकीचा किस्सा संपतो न संपतो तोच दुसरी म्हणते, "आनि तो दहीवाला?" मग जेवणाच्या पंगती उठल्या तरी आम्ही तिथंच!

मला सगळे चौकस म्हणतात. असेन बाई. नानांची आणि आमची भिंत एकच. कान काय खुंटीला टांगून ठेवायचे?

*

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. नानांनी लष्कराच्या लिलावातून जुनी, पेशंट न्यायची गाडी आणली. आत सुताराकडून खाट ठोकून घेतली. स्टोव्हला फळी, माठाला खाचा, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. चालतंफिरतं घरच!

फक्त मागून पार बसलेली. तोंड आभाळाकडे आणि ढुंगण मातीत.

समोरचे आप्पा ओट्यावरून म्हणाले, "नाना, गाडी उठी ऱ्हायनी का बठी ऱ्हायनी?"

"उठी ऱ्हायनी," नाना म्हणाले. "म्हातारी शे, येळ लागस."

*

एवढा खटाटोप बायकोसाठी, आमच्या जमनावहिनींसाठी. त्या माळ्यावरून पडल्या तेव्हापासून त्यांची कंबर गेली होती. उठायच्या, दोघींच्या आधारानं चार पावलं टाकायच्या, की परत आडव्या. बैलगाडीचं तर नावच नको. अंगणात खाटेवर पडून दिवसभर सातपुड्याकडे बघायच्या.

एकदा मी विचारलं, "काय बघता हो एवढं?"

म्हणाल्या, "आठेथून डोंगर दिसस. मंग डोंगरवरथून आपलं गाव बी दिसत व्हई ना? आपली गल्ली, आपला मानसं... कसा दिसत व्हतीन?"

मी आपलं सहज नानांना सांगितलं. नानांनी ते असं मनावर घेतलं, की थेट लिलाव गाठला! वहिनींना तोरणमाळला न्यायचं, वरून गाव दाखवायचं.

पहिल्या दिवशी शिवेपर्यंत नेऊन बघितलं. पहिल्याच चाकोरीत गाडीच्या आतून ओरडणं ऐकू आलं, "सूपमा घालीसन पाखडी ऱ्हायनात का मले?"

*

गाडीच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, तिला पाटे म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गाडीचे पाटे पार सपाट झाले होते. नाना गाडी म्हसावदला सुपडू लोहाराकडे घेऊन गेले. सुपडूचा सगळा जन्म कापसाच्या ट्रकांखाली गेलेला.

त्यानं विचारलं, "कितला माल भरशात?"

"माल नही रे भो. मन्ही घरवाली शे."

"बरं, तिन्हं वजन कितलं?"

नाना लाजले. मग म्हणाले, "धर ना, दोन पोता कापूस."

ही गोष्ट वहिनींपर्यंत कशी पोचली ते विचारू नका. नाना कितीतरी दिवस शेतातच जेवत होते!

*

सुपडूनं मोडक्या ट्रकचे जाड पाटे काढून घातले, जादाचे दोन वर. गाडी मागून अशी उठली की आप्पांनी ओट्यावरून हात जोडले.

यावेळी आधी वहिनींना नाही न्यायचं, असं ठरलं. खाटेवर दह्याचं मडकं ठेवलं, भोवती गोधडी लावली, तोंडाला फडकं बांधलं. नाना शिवेपर्यंत जाऊन आले. आम्ही सगळ्या धावलो. फडकं सोडलं तर वर लोण्याचा गोळा!

वहिनी अंगणातल्या खाटेवरून बघत होत्या. त्यांनी डोंगराकडे कूस वळवली. नाना पाटे बघत तिथंच उकिडवे बसून राहिले.

आप्पा तेवढे म्हणाले, "नाना, ताक तरी वाटा!"

*

मग एकदा आम्ही निंदणीच्या बायका शेतातून येत होतो. नानांनी गाडी थांबवली. खाटेवर, खाली, दारात, जागा मिळेल तिथं बसलो. काय सांगू, पाळणाच! माझ्या पोटातला चहासुद्धा हलला नाही.

नानांनी गाडी तशीच म्हसावदला नेली, आम्हाला घेऊन! सुपडूला आमच्याकडे बोट दाखवून विचारलं, "आते कशी बरी चालस रे ही?"

सुपडू म्हणाला, "मी तं कापूसनी गाडी बनाडी. भरी तवय बठी. रिकामी पळाडशात तं नाचीच!"

नानांनी घरी येऊन वहिनींना सांगितलं, की वजनाला वाळूची पोती भरतो आणि तुला नेतो.

वहिनी म्हणाल्या, "वाळूसंगे मी नही जास. वाळू बोलस का?"

*

म्हणून अख्खी गल्ली तोरणमाळला निघाली. वजन म्हणून! जिला जन्मभर जाडी म्हणून चिडवलं, त्या द्वारकाआत्याला पहिला मान. आप्पा काठीसारखे, पण ओटा सोडून आले आणि चाकावरची जागा धरून बसले. वहिनी मधोमध खाटेवर. म्हसावदपर्यंत त्या गाणी म्हणत होत्या.

घाटात गाडीचा दम उखडला. एका वळणावर ती थांबली आणि हळूहळू मागे सरकायला लागली. द्वारकाआत्यानं उडी मारून चाकाला धोंडा लावला म्हणून वाचलो.

नाना खाली उतरले. तोंडावरचा घाम पुसत म्हणाले, "भरेल गाडी चढाव नही. आनि रिकामी करी तं हिले सोसाव नही. चला, मांगे फिरूत."

वहिनींनी खाटेची कड धरली.

"उतरा सगळा," त्या म्हणाल्या. "कंबर दुखी तं दुखी."

आम्ही उतरलो. रिकामी गाडी नाचत पुढे, आम्ही मागून चालत. प्रत्येक दणक्याला आम्ही कान देत होतो. आतून हूं की चूं नाही. मला तर ओरडल्या असत्या तर बरं, असं झालं.

वर पोचलो तेव्हा नाना त्यांना धरून उभे होते. वहिनींचा चेहरा पांढराफटक, खालचा ओठ दाताखाली. दोघींनी धरून त्यांना कड्याजवळच्या दगडावर बसवलं. खाली सगळी धूळ नि धुरकट ऊन. शेत कुठलं, नदी कुठली, काही म्हणजे काही कळत नव्हतं. नानांनी आपलं अंदाजानं बोट केलं.

"ते देख, जमना. दिसनं का गाव?"

वहिनींनी डोळ्यांवर हात धरला. खूप वेळ बघितलं.

"दिसनं ना. पन गल्लीमा एक बी मानूस नही शे!"

आम्ही पोट धरून हसलो. आप्पांना तर ठसकाच लागला. ऊन उतरायला लागलं तसं नाना म्हणाले, चला, घाट उतरायचा आहे.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. तिकडेच बघत होत्या.

"थांबा ना जरासं," त्या म्हणाल्या. "कोनी घर येस का, देखस मी."