चार हॉपची बिअर

"एका मसाल्यावर आमटी होत नाही, मग एका हॉपवर बिअर कशी होईल?" असं राजाराम मुळे एकदा म्हणाले होते.

अमेरिकेत, सनीव्हेलच्या अपार्टमेंटमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. कॉम्प्युटरच्या चिपमधल्या चुका शोधायचं काम. संध्याकाळी घरी आले की बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे. मुलगा कुश सिअ‍ॅटलला. रविवारी त्याचा फोन.

"कसा आहेस?"

"गुड."

"काम?"

"गुड, बाबा."

मग फोन बायकोकडे, पद्मिनीबाईंकडे जायचा. त्या 'गुड'च्या पलीकडे मुलगा कसा जगतो, हे राजारामांना कधी कळलं नाही.

तो घरी बिअर करतो, हेही बायकोकडून कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "मलाही करायची आहे. हॉप कुठला घेऊ?"

हॉप म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं. बिअरचा कडूपणा त्यांचा, वासही त्यांचाच. कुश एकदम बोलायला लागला. "बाबा, फर्स्ट टाइम ओन्ली कॅस्केड. जस्ट वन. थोडा सुरुवातीला टाक, बाकीचा एंडला, गॅस बंद करताना. नाहीतर वास उडून जातो, यार!"

मुलगा बापाला यार म्हणाला. राजाराम आवाजच ऐकत राहिले. काय सांगितलं ते अर्धंच डोक्यात शिरलं.

दुकानात त्यांनी कॅस्केड घेतला. मग एक लिंबाच्या वासाचा, एक आंब्याच्या, आणि एक पाकिटावर कडूपणाचा आकडा सगळ्यात मोठा होता म्हणून. चांगल्या वस्तूचा आकडा मोठाच असणार, हा जन्मभराच्या नोकरीचा हिशेब.

मोठ्या पातेल्यात जवाच्या माल्टचं पाणी उकळलं तसे चारही एकदम टाकले, फोडणीत टाकावेत तसे, सुरुवातीलाच. तासभर घर लिंबू, आंबा, ओल्या झाडांनी भरून गेलं.

"अहो, किती छान वास!" पद्मिनीबाई म्हणाल्या.

राजाराम खूश झाले. बिअरमध्ये राहायचं ते सगळं खिडकीतून जात होतं.

काही आठवड्यांनी कुश आला. बापानं मुलासमोर कधी ग्लास उचलला नव्हता. आज दोन भरले. बिअर गढूळ होती. राजारामांनी घोट घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. पद्मिनीबाईंनी त्यांच्याच ग्लासातून चाखून पाहिली.

"अगं बाई, हा तर काढा! खोकला झाला की द्या मला."

कुश हसला नाही. त्यानं ग्लास निम्मा केला.

"चार घातले," राजाराम म्हणाले. "तू एकच म्हणाला होतास. सगळे पहिल्यापासून उकळले."

ते वाट पाहत होते. आता तो म्हणेल, बाबा, सांगितलं होतं ना. चिडेल. कॅस्केड कसा लागतो ते सांगेल, गॅस कधी बंद करायचा ते पुन्हा सांगेल. बोलण्यात संध्याकाळ जाईल.

"इट्स फाइन, बाबा."

"खरं सांग. कडू झालीय."

"नो, नो. गुड आहे." कुशनं उरलेली बिअर औषधासारखी संपवली, ग्लास सिंकमध्ये ठेवला आणि फोन बघायला लागला.

रविवारच्या फोनवरचं तेच 'गुड' राजारामांनी ऐकलं. बूट पायात होतेच. ते उठले, दार उघडलं आणि बाहेर गेले.