पाठीला विचारा

कापसाच्या पिंजणाच्या ताणलेल्या तातेचा घुमारा आता भवानी पेठेत ऐकू येत नाही. पूर्वी तो थांबला की जुन्या कापसाचा वास दाटून यायचा. त्यात ऊन असे, धूळ असे आणि कुणाच्या तरी केसांतले खोबरेल. त्या वासात अमीनाखाला बसलेल्या असत, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन.

गाद्या भरणाऱ्या खालांचा एक हट्ट होता. शिवलेल्या गादीवर गिऱ्हाईक आडवे झाल्यावाचून त्या ती हवाली करीत नसत. भर रस्त्याच्या कडेला वकील निजत, नवरदेव निजत. एकदा एक हवालदार पट्टा सैल करून निजलेला मी पाहिला. "गादी डोळ्याला कळत न्हाय," खाला म्हणत. "पाठीला विचारा."

आई गेल्यावर दीड वर्षाने मी तिची गादी त्यांच्याकडे नेली. "डावीकडं खड्डा पडलाय की," त्या दाबून म्हणाल्या. "उसवू?"

तो आईच्या अंगाचा खड्डा होता. मी गादी परत नेली. असे तीनदा झाले. "रिक्षावाला दुवा देत आसंल तुमाला," म्हणत खालांनी चहा मागवला.

मग मी गादीवाचूनच जाऊ लागले. कॉलेजात कविता शिकवणारी मी आणि आयुष्य कापसात घालवलेल्या त्या. एकदा मी त्यांना माझ्या दोन-तीन कविता वाचून दाखवल्या. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

"अच्छा हाय. पन बाई, तुमच्या कवितेत समदे जागेच कायकू आसतात?"

तेव्हा मी प्रथमच ते उच्चारले. चार महिने आईच्या उशाशी जागून काढल्यावर एका दुपारी खुर्चीतच माझा डोळा लागला. अर्ध्या तासाने उठले, तोवर ती गेली होती. तिचा हात माझ्या दिशेला होता. तेव्हापासून झोप येऊ लागली की मी उठून बसत असे.

"हाक मारली असेल तिनं," मी म्हणाले.

खालांनी हातातला कापसाचा पेळू सरळ केला. "आसंल. न्हाय बी मारली आसंल. दमून निजलेलं लेकरू कुटली आई उठवती?" मग थोड्या वेळाने, "गादी आना उद्या."

जुन्या कापसाला मशीनची घाई सोसत नाही, असे त्यांचे मत. त्यांनी तो पिंजणावर घेतला. घट्ट गोळे उलगडत गेले, आणि आईचा खड्डा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा, हलका होऊन हवेत उडाला. संध्याकाळी नव्या खोळीला शेवटचा टाका पडला.

आता खाला नाहीत. त्यांच्या लेकीचा कुर्डुवाडीहून फोन आला, ती दुपार होती आणि मी त्याच गादीवर गाढ झोपले होते. जागी झाले तर तिचे तीन कॉल येऊन गेलेले. जुने भय छातीशी आले, क्षणभर बसले. मी त्याला बसू दिले, आणि मला ती संध्याकाळ आठवली.

चपला काढून मी रस्त्याकडेला आडवी झाले होते. माझा एक विद्यार्थी सायकल थांबवून "मॅडम?" म्हणाला. "मॅडम कामात हायेत, जा," खालांनी त्याला वाटेला लावले. मग उतरते ऊन माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

"निजा."