नार्कोंडमचा धनेश

सहदेव परब दीपगृह खात्यात मेकॅनिक होता, राहायला बोरीवलीला. १९८६च्या फेब्रुवारीत त्याला अंदमानातल्या नार्कोंडम बेटावर दिव्याच्या दुरुस्तीला जायचा हुकूम आला. बायको सुगंधा चार महिन्यांची गरोदर. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली, म्हणून डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली होती.

"नको म्हण, नाही जात," तो म्हणाला.

"जा हो. शेजारी रुक्मिणीमावशी आहेत ना."

नार्कोंडम म्हणजे समुद्रातून वर आलेला निजलेला ज्वालामुखी, अंगभर जंगल. पोलीस चौकीतल्या शिपायांशिवाय माणूस नाही. दिवा दुरुस्त झाला, पण न्यायला येणारी बोट बिघडली. घरची खबर नाही. सहदेव नुसता झुरत बसायचा.

एका सकाळी डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज गेला. तांबूस मानेचा एक धनेश जुन्या झाडाच्या खोडाला येऊन चिकटला. खोडातल्या फटीतून एक चोच बाहेर आली. नराने गळ्यातून एकेक उंबर वर काढून त्या चोचीत दिलं.

"आत मादी आहे," चंद्रप्रकाश नावाच्या शिपायाने सांगितलं. "अंडी घालायला आत बसते, दार लिंपून घेते. मग खाणंपिणं सगळं त्याने आणायचं."

"आणि तो आलाच नाही तर?"

शिपाई चौकीकडे वळला.

सहदेव रोज त्या झाडासमोर बसू लागला. एके दिवशी दुपार झाली तरी नर फिरकला नाही. फटीतली चोच आतबाहेर करत राहिली. सहदेवला जेवण गेलं नाही. उन्हं कलली तेव्हा तो आला, शेपटीचं एक पीस तुटलेलं, गळा मात्र फळांनी फुगलेला. सहदेव एकटाच मोठ्याने हसला.

बोट आली. घरी पोचल्यावर पाहिलं तर सुगंधा ठीक होती, पण वाळली होती. मावशींचे गुडघे धरले होते, त्यांच्याने होत नव्हतं. सहदेवने अर्ध्या पगारावर लांब रजा घेतली आणि स्टोव्ह पेटवला.

"बापयान पेज रांधूची?" मावशी हसल्या. "कायतरीच बाबा तुझा!"

"करपली तर सांगा, मावशी."

पेज करपलीच. सुगंधाने खाल्ली. रोज दुपारी ती त्याला धनेशाबद्दल विचारायची.

"कंटाळत नसेल का हो ती आत?"

"तू कंटाळलीस?"

"भरपूर," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

श्रावणात मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. सहदेवने तिला हातात घेतलं आणि घाबरून लगेच परत दिलं.

"नीट धरा हो," सुगंधा म्हणाली. "काचेची नाही ती."