सैल पागोटं आणि साहेबांची बाही

साहेब बिलियर्ड खेळत तेव्हा धारच्या आमच्या क्लबात कोणी बसत नसे. बसायला बंदी नव्हती, खुर्च्याही होत्या. पण साहेबांचा चेंडू खिशात पडला की 'वाहवा' म्हणायला उठावं लागे, त्यापेक्षा उभं राहणंच सोयीचं. चेंडू पडला नाही तर साहेब म्हणत, "हा सराव होता," आणि तोच फटका पुन्हा मारत. आम्ही त्यालाही वाहवा म्हणत असू.

मी तेव्हा दफ्तरखान्यात धाकटा कारकून होतो आणि साहेब आमच्या खात्याचे प्रमुख. धारला येण्याआधी त्यांनी देवासला नोकरी केली होती. तिथे एका गावात दोन राज्यं. रस्ता ओलांडला की हुकूम बदलतो. नियम रस्त्यापलीकडच्या माणसांसाठी असतात, ही समजूत त्यांनी तिथून आणली की ती जन्मजात होती, हे मला सांगता येणार नाही. मखमली पेटीतली स्वतःची काठी मात्र तिथूनच आणली होती. ती पेटी एक शिपाई दोन्ही हातांवर धरून पुढे चाले, मागून साहेब.

खेळ समजायला सोपा. टेबलावर तीन चेंडू: एक तांबडा, दोन पांढरे, त्यांतला एक आपला. आपल्या चेंडूने तांबडा खिशात घातला की तीन गुण. गुण मिळवायच्या आणखी रीती आहेत, पण साहेबांना ही एकच ठाऊक होती; बाकीचे गुण त्यांना चुकून मिळत. शंभर आधी करील तो जिंकला. साहेबांशी खेळताना मात्र ऐंशीच्या पुढे आमचे फटके चुकू लागत. मी तर चुकण्यात वाकबगार झालो होतो. तांबडा नेमका खिशाच्या तोंडाशी येऊन थांबेल इतक्या मापानं मारत असे. साहेब म्हणत, "थोडक्यात गेलं हो!" आणि पुढच्या फटक्याला तो आत ढकलत.

नोकरी केल्यासारखी नोकरी तिथे एकच माणूस करी: मार्कर. गुण मोजणं, चेंडू पुसणं, आणि कुणाची चूक झाली की मोठ्याने 'फाउल' म्हणणं, हे त्याचं काम. साठीचा मराठा गडी; वाडवडील फौजेबरोबर माळव्यात आलेले. स्वतः त्याने महूच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलाशी वीस वर्षं काढली होती.

एका रविवारी साहेब जरीच्या काठाच्या सैल बाह्यांचा अंगरखा घालून आले. फटक्याला वाकले, बाही पांढऱ्या चेंडूला लागली, चेंडू बोटभर सरकला. तांबडा मात्र खिशात पडला. आम्ही वाहवा म्हणायला तोंड उघडलं, आणि मार्कर म्हणाला, "फाउल. गुण नाहीत."

साहेब सावकाश ताठ झाले. "बाही आमची आहे."

"टेबल क्लबचं आहे, साहेब."

"महूला गोऱ्यांचे चेंडू पुसलेस म्हणजे तुला खेळ कळला? कुणाला शिकवलंयस आजवर?"

मार्करने खोलीभर पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना शिकवतो."

ते खोटं होतं. त्याने मला तोपर्यंत शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं. पण साहेबांना तेवढं पुरलं. "ठीक. दसऱ्यानंतरच्या रविवारी हा आमच्याशी खेळेल. जिंकला तर तू राहा. हरला तर वळकटी बांध."

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "दादा, मीच का?"

"तुम्ही ठरवून चुकता," तो म्हणाला. "ठरवून चुकायला नजर लागते. बाकीच्यांचं चुकणं देवाघरचं आहे."

दोन महिने होते. पहिले पंधरा दिवस त्याने मला चेंडू दिलाच नाही. टेबलाच्या हिरव्या बनातीवर खडूची एक रेघ ओढली आणि तिच्यावरून काठी पुढे-मागे करायला लावली. डावा हात टेबलावर पसरलेला, अंगठा वर, काठी त्या खोबणीत. उजवं कोपर हलायचं, खांदा नाही. मी काठी नाजूकपणे धरली होती.

"भिया," तो म्हणाला (माळव्यात भाऊला भिया म्हणतात), "काठी आहे ती, पळी नाही! संध्येचं पाणी सोडताय का?"

मग घट्ट धरली, तर म्हणाला, "आता शेजाऱ्याला मारायला निघालात."

वाकल्यावर माझं डोकं वर उचललं जातं, ही त्याची मुख्य तक्रार. त्यावर त्याने उपाय काढला. माझंच पागोटं सैल करून डोक्यावर नुसतं ठेवलं आणि मारायला सांगितलं. पहिल्याच फटक्याला ते टेबलावर उतरलं आणि तांबड्यावर बसलं. आठ दिवस मी चेंडूंपेक्षा पागोटंच जास्त वेळा खिशाकडे पाठवलं. नंतर ते पडेनासं झालं, आणि त्याबरोबर चेंडू आपोआप सरळ जाऊ लागले. इतक्या वर्षांत पागोट्याचा झालेला एवढा एकच उपयोग मला माहीत आहे.

विचाराबद्दल त्याचा एकच नियम होता: "विचार उभ्यानं. कुठे मारायचं, किती जोरात, चेंडू कुठे थांबेल, सगळं उभं राहून बघा. एकदा वाकलात की डोकं बंद. वाकल्यावर शंका आली तर पुन्हा उभे राहा, पण शंका घेऊन मारू नका." चुकलेल्या फटक्यावर मी हळहळू लागलो की म्हणे, "गेला तो. तेराव्याला जेवायला बोलवा, टेबलावर नको."

आणि मी वाकलो की तो माझ्या घराण्याचा उद्धार सुरू करी. माझे आजोबा, त्यांची पोथी, आमच्या घरातलं पातळ वरण, माझा पगार. सुरुवातीला कान तापत. महिन्याभरात मी त्याच्या शिव्यांच्या तालावर तांबडा खिशात घालू लागलो. ठरवून चुकायचंही त्याने बंद करवलं. "हाताला खोटं शिकवू नका. त्याला खरं-खोटं वेगळं ठेवता येत नाही."

सामन्याच्या चार दिवस आधी क्लबात हुकूम लागला. देवासहून पाहुणे येणार असल्याने दोन्ही खेळाडूंनी दरबारी पोशाखात यावं: अंगरखा, पागोटं, उपरणं. बिलियर्डसाठी! पागोट्याचा अभ्यास मला होता, बाह्या वर सारता आल्या असत्या. उपरण्याचा विचार माझ्या मनात आला नाही, आणि मार्करच्याही नाही.

रविवारी दुपारी खोली भरली. मी वाकलो की साहेबांच्या माणसांना खोकला येई. एकाला तर मोठ्याने जांभई आली. मार्करच्या दोन महिन्यांपुढे हे म्हणजे आरती होती. मी उभ्याने बघत होतो, वाकून मारत होतो. पागोटं जागेवर होतं. साहेबांनी दोनदा 'सराव' करू पाहिला. मार्करने दोन्ही वेळा "पाळी संपली" म्हटलं, आणि पाहुणे असल्याने साहेबांना हसावं लागलं.

साहेबांचे चौऱ्याण्णव, माझे सत्त्याण्णव. तांबडा लांबच्या कोपऱ्यातल्या खिशासमोर. एक फटका, तीन गुण. मला टेबलावर बरंच आडवं व्हावं लागत होतं आणि दुसरा पांढरा चेंडू माझ्या डाव्या कोपराखाली येत होता. मी मारलं. तांबडा खिशात पडल्याचा आवाज झाला. सगळ्यांचे डोळे तिकडे होते. त्याच वेळी माझ्या उपरण्याचं टोक घसरून कोपराखालच्या चेंडूला लागलं, आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा हलला.

मी ते पाहिलं. उभा राहिलो आणि गप्प बसलो.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाहुण्यांतला कुणी "वाहवा" म्हणाला, अगदी मनापासून. मी मार्करकडे पाहिलं नाही.

"फाउल," मार्कर म्हणाला. "गुण नाहीत. सत्त्याण्णव. पाळी साहेबांची."

त्याने तांबडा काढून जागेवर ठेवला आणि बाजूला झाला. साहेबांनी दोनदा तांबडा घातला. दोन्ही फटके चांगले होते, हे लिहिताना मला आजही जड जातं. शंभर.

मग साहेबांनी भाषण केलं. अशा निःस्पृह सेवकाचा गौरव करणं ही आपली परंपरा आहे, असं म्हणून त्यांनी तबक मागवलं आणि मार्करला शेला-पागोटं दिलं. तबक तयारच होतं. त्याच दमात म्हणाले की ठरल्याप्रमाणे उद्यापासून त्याची नोकरी संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

मार्करने शेला उलगडला. जरीच्या बाजूने तिन्ही चेंडू एकेक करून नीट पुसले, चेंडूंच्या पेटीत ठेवले, शेल्याची घडी करून पेटीवर ठेवली. पागोट्याला हात लावला नाही. "येतो, साहेब. महूला गोऱ्यांचे चेंडू पुसायला माणूस लागतो."

मी त्याच्या मागे टांग्यापर्यंत गेलो.

"चेंडू हलला, ते तुम्हाला दिसलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"दादा, तुमची नोकरी..."

"माझ्या नोकरीचं पांघरूण घेऊ नका!" टांगेवाला वळून बघायला लागला. "दुसऱ्याचा फाउल मी ओरडतो. आपला आपण सांगायचा असतो. हे शिकवायला लागेल असं मला वाटलं नव्हतं. चल रे, हाक."

मला नमस्कार करायलाही त्याने वेळ दिला नाही.

पुढच्या रविवारी साहेबांनी मला मुद्दाम खेळायला बोलावलं. नवा मार्कर त्यांच्या गावचा होता. त्याला साहेबांचे गुण साहेबांच्याही आधी दिसत. मी साठावर असताना माझ्या बोटाचा चेंडूला स्पर्श झाला. कोणी पाहिलं नाही. मी उभा राहून म्हणालो, "फाउल. गुण नाहीत." साहेब खूश झाले. म्हणाले, "शिकलात हो!"

थोड्या वेळाने साहेबांची बाही चेंडूला लागली. नवा मार्कर छताकडे बघत होता.

मी वाकलेलो नव्हतो. विचार करायला भरपूर वेळ होता, आणि मी तो केला.

"फाउल," मी म्हणालो. "गुण नाहीत, साहेब."

गुरुवारी माझी बदली नालछ्याच्या जकात नाक्यावर झाली. हुकमात कारण दिलं होतं: सदर कारकुनाची नजर चांगली असल्याने नाक्यावर उपयोगी पडेल.