आत्याचं ब्रेसलेट

शिकेकाई उकळायला ठेवली की तिचा आंबूस वास घरभर पसरतो, आणि धाराशिवच्या या फ्लॅटमधून मी थेट ढोकीला, आत्याच्या न्हाणीत जाऊन बसते.

सुट्टीत आत्या माझे केस धुवायची. खडे केसांत अडकतात म्हणून आधी हातातलं ब्रेसलेट काढायची. सोन्याचं, हैदराबादहून आलेलं, तिच्या सासूबाईंचं. मधे माणिक, शेजारी पाचू, कडेनं बारके हिरे. सोनं भुईवर ठेवायचं नाही, असा तिचा नेम. मग ते माझ्या दंडावर चढायचं.

"आत्या, लई जड हाय वो."

"असू दे. तुझ्याबिगर कोण हाय मला धरायला?"

मूल नसलेल्या बाईचं ते बोलणं तेव्हा कुठं कळत होतं? डोळे घट्ट मिटून मी सुटकेची वाट बघायची. कढत पाणी अंगावरून जायचं आणि सोनंही ऊन ऊन लागायचं.

आता ते माझ्याच मनगटावर असतं. बाथरूममध्ये फळी आहे, ठेवायला जागाच जागा. तरी न्हायला बसताना ते काढलं की हात आपोआप मागं जातो, कुणीतरी धरावं म्हणून. बादलीतलं पाणी निवत राहतं.